एका मनुष्याचे दोन देव्हारे

रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून, हाती बायबल घेऊन, बायकामुलांसह चर्चची वाट चालणारा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. तो प्रार्थनेत सामील होतो, धर्मोपदेशकाचे प्रवचन मनापासून ऐकतो, दानपेटीत ऐपतीप्रमाणे पैसे टाकतो. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा ताप हटत नाही, अथवा दूरच्या शहरी नोकरीवर जावे की न जावे असा पेच त्याला पडतो. तेव्हा तोच गृहस्थ सायंकाळी एका वृद्ध जाणत्याच्या घरी जातो, चटईवर बसतो आणि आपल्या पूर्वजांच्या देवतेपाशी कौल मागतो. पुढच्या रविवारी तो पुन्हा चर्चमध्ये हजर असतो. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात योरुबा नावाचा मोठा लोकसमूह आहे. त्यात असा गृहस्थ कोणाला नवलाचा वाटत नाही. त्याच्या या दुसऱ्या उपासनेचे नाव इफा.

हा मनुष्य ढोंगी आहे काय? दोन धर्म एकाच वेळी पाळणारा कोणत्याही धर्माचा नसतो, असे म्हणून त्याला निकालात काढणारे पुष्कळ आहेत. उलट, सर्व धर्म अखेर एकच, तेव्हा दोन्हीकडे हात जोडले तर बिघडले काय, असे म्हणून त्याची पाठ थोपटणारेही आहेत. या दुसऱ्या पक्षाचे बोलणे आपल्या वाचकांना परिचयाचे आहे. ‘बुद्धवंदना करा, पण कोनाड्यातल्या कुलदैवतालाही दोन फुले वाहा, त्यात तुमचे काय जाते?’ असा सल्ला नवदीक्षित बौद्ध कुटुंबाला शेजारीपाजारी, आप्तेष्ट, क्वचित घरातील वडीलधारी माणसेसुद्धा देतात. आणि जगात इतरत्रही लोक असेच करतात, हा दाखला त्याला जोडून दिला जातो. म्हणून हा दाखला नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे. आमच्या मते वरील दोन्ही निकाल उतावळे आहेत.

प्रथम इफा म्हणजे काय ते पाहू. योरुबा लोक इले-इफे या नगराला आपले मूळस्थान मानतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ओलोडुमारे हा सर्वश्रेष्ठ ईश्वर, आणि ओरुन्मिला ही ज्ञानाची देवता. माणसाचे भवितव्य तिला ठाऊक असते. तिचा कौल लावणारा जो जाणता, त्याला बाबालावो म्हणतात. या शब्दाचा अर्थ रहस्यांचा पिता असा आहे. बाबालावो ताडाच्या एका जातीच्या सोळा बिया एका हातातून दुसऱ्या हातात घेतो. मागे एक बी उरली तर दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ, अशा खुणा तो लाकडी तबकातील भुकटीवर बोटाने उमटवतो. सोळा प्रमुख आकृत्या व त्यांची जुळणी मिळून एकूण २५६ आकृत्या होतात. त्यांना ओडू म्हणतात. प्रत्येक ओडूची पुष्कळ पद्ये असतात आणि ती सर्व मुखोद्गत करावी लागतात. त्यासाठी शिष्याला गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागते.

या पद्धतीत एक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. कौल मागणाऱ्याने आपली अडचण बाबालावोला सांगावयास हवी असे नाही. बाबालावो त्या ओडूची पद्ये एकामागून एक म्हणत जातो. कोणे एके काळी अमक्यावर असे संकट आले, त्याने असे केले, त्याचे असे झाले, अशा कथा त्यांत असतात. ऐकता ऐकता ज्या कथेत आपलेच दुःख बोलते आहे असे श्रोत्याला वाटते, ती त्याची. मग त्या कथेनुसार काय बळी वा नैवेद्य द्यावयाचा हे ठरते. शिवाय प्रत्येक माणसाने जन्मापूर्वी आपले ‘ओरी’, म्हणजे अंतरीचे मस्तक, स्वतः निवडलेले असते अशी त्यांची समजूत आहे. म्हणजे इफामध्ये भाकिताखेरीज एका जनसमूहाचे काव्य, इतिहास, औषधविचार व नीतिविचार यांचा मोठा साठा आहे. युनेस्कोने २००५ साली इफाला मानवजातीच्या मौखिक वारशात मानाचे स्थान दिले आणि २००८ साली आपल्या सूचीत त्याची नोंद केली. इफे येथील विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले वांडे आबिंबोला हे विद्वान स्वतः बाबालावो आहेत.

आता या भूमीत ख्रिस्ती धर्म कसा आला ते पाहिले पाहिजे. कारण नवा धर्म ज्या मार्गाने घरात येतो, त्यावर जुन्या धर्माशी त्याचे नाते ठरते. १९ व्या शतकाच्या आरंभी योरुबा प्रदेश युद्धांनी पोळत होता आणि पकडलेली माणसे गुलाम म्हणून समुद्रापार विकली जात होती. १८२१ साली आजायी नावाचा एक मुलगा असाच पकडला गेला. १८२२ साली ब्रिटिश आरमाराने त्याला गुलामांच्या जहाजावरून सोडविले व सिएरा लिओन येथे नेले. तेथे तो शिकला, १८२५ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे सॅम्युएल आजायी क्राउदर या नावाने तो विख्यात झाला. १८४६ साली आबेओकुटा येथे मिशनचे काम सुरू झाले, तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेली आई त्याला परत भेटली; १८४८ साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. १८६४ साली क्राउदर बिशप झाले. आफ्रिकन मनुष्याला अँग्लिकन चर्चमध्ये हे पद प्रथमच मिळाले होते. ज्याला बाजारात विकले त्याला या धर्माने बिशपच्या आसनावर बसविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. माणसाला गुलामगिरीतून वर काढणारा आणि त्याच्या हाती पुस्तक देणारा धर्म त्याने मनापासून स्वीकारला, तर तो त्याचा भोळेपणा म्हणता येत नाही.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. बायबलचे योरुबा भाषांतर क्राउदर व त्यांचे सहकारी यांच्या हातून झाले. त्यात सैतान या शब्दासाठी एशू हे नाव योजण्यात आले. एशू हा इफाच्या परंपरेतील देवदूत. मनुष्याने दिलेला बळी देवांपर्यंत पोचविणारा, रस्त्यांच्या तिठ्यावर उभा राहणारा, खोडकर पण आवश्यक असा. एका शब्दाच्या निवडीने तो नरकाचा अधिपती ठरला. मुलाने शाळेत जावे आणि आपला आजा ज्याच्यापुढे पाणी ओतीत होता तो सैतान होता असे शिकून घरी यावे, अशी स्थिती उत्पन्न झाली. बाबालावोची पिढ्यान् पिढ्यांची विद्या अज्ञान ठरली. नवा धर्म स्वीकारताना स्वतःच्या बापजाद्यांची लाज वाटली पाहिजे, अशी ती अट होती.

आणि चर्चने तरी आफ्रिकन माणसाला अखेरपर्यंत बरोबरीचे मानले काय? १८९० च्या सुमारास तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी क्राउदर यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांवर ठपके ठेवून त्यांना दूर केले. वृद्ध बिशपचा अधिकार नावापुरता उरला. १८९१ च्या अखेरीस ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमण्यात आला. त्याच वर्षी लागोस येथे आफ्रिकन लोकांनी स्वतःचे स्वतंत्र चर्च स्थापन केले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने वर्ण धुतला जात नाही, हा कटू अनुभव त्यांनी घेतला. बाबासाहेबांनी भारतातील ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीची चिकित्सा करताना, धर्म बदलूनही जात चर्चच्या आत कशी टिकून राहिली हे दाखविले आहे. दोन खंडांतील दोन अनुभव या ठिकाणी एकमेकांना ओळखतात.

अशा परिस्थितीत काही ख्रिस्ती योरुबांनी इफाकडे पुन्हा वळून पाहिले, हे स्वाभाविकच होते. ई. एम. लिजादू हे ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. त्यांनी बाबालावोंच्या पायाशी बसून इफाची पद्ये ऐकली आणि १९ व्या शतकाच्या अखेरीपासून त्यावर योरुबा भाषेत पुस्तके लिहिली. ओरुन्मिलेवरील त्यांचे पुस्तक १९०८ सालचे आहे. त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्माचाच होता, परंतु ज्याची निंदा करावयाची ते आधी समजून घ्यावे एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता. १९१४ साली ओगुनबियी या अँग्लिकन धर्माधिकाऱ्याने जुन्या ओग्बोनी मंडळाच्या धर्तीवर ख्रिस्ती लोकांसाठी एक बंधुमंडळ काढले. त्यावरून चर्चमध्ये पुष्कळ वाद माजले. १९२० च्या सुमारास लागोस येथे तर ओरुन्मिलेचे चर्चच उभे राहिले. त्यात बाके आहेत, प्रवचने आहेत, सामुदायिक गायन आहे. पण बायबलच्या जागी इफाची पद्ये आहेत. लोकांना चर्चची सामुदायिक शिस्त आवडली होती, परंतु आपले ज्ञान टाकून देणे मंजूर नव्हते.

हे विद्वानांचे झाले. सामान्य मनुष्य इतका विचार करून बाबालावोकडे जात नाही. त्याला मूल होत नाही, धंदा बसतो, बायकोला रात्री वाईट स्वप्ने पडतात. चर्चचा धर्मोपदेशक त्याला मरणोत्तर मुक्तीविषयी सांगतो. त्याला तर उद्या सकाळी काय करावे ते हवे असते. बाबालावो त्याची विचारपूस करतो, त्याच्यासाठी रात्र घालवितो, त्याच्या दुःखाला जुन्या कथेत जागा देतो आणि काहीतरी करावयास सांगतो. योरुबांमध्येच प्रार्थना हे मुख्य साधन मानणारी जी आलादुरा चर्चे निघाली, त्यांनी हे अचूक ओळखले. १९२५ साली लागोस येथे व १९३० साली इलेशा येथे जी मोठी लाट उठली, तीत लोकांनी ताईत व मूर्ती आणून जाळल्या. पण त्या चर्चांनी रोग्यासाठी प्रार्थना, मंतरलेले पाणी, स्वप्नांचा अर्थ आणि रात्रीची जागरणे सुरू केली. म्हणजे कौल गेला, तरी कौलामागची गरज त्यांनी उपाशी ठेवली नाही. हा भेद आम्ही वाचकांच्या विशेष लक्षात आणून देऊ इच्छितो. त्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

इफा समुद्रापार गेली ती गुलामांबरोबर. क्युबा बेटावरील उसाच्या मळ्यांत हजारो योरुबा राबले. त्यांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यात येई. आपले देव उघडपणे पूजिण्याची मोकळीक नव्हती. तेव्हा त्यांनी संतांच्या मूर्तींमागे आपले देव ठेवले. मेघगर्जनेचा देव शांगो संत बार्बारेच्या मागे, नदीची देवता ओशून कुमारी मरियेच्या मागे, आणि ओरुन्मिला संत फ्रान्सिसच्या मागे उभी राहिली. मालकाला वाटे की गुलाम संताला नमस्कार करतो. गुलामाला ठाऊक असे की तो कोणाला नमस्कार करतो. गुलामगिरी १८८६ साली संपली, पण तोवर पिढ्या लोटल्या होत्या, आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटला होता. आज तेथील पुष्कळ भक्त दोहोंवर खरी श्रद्धा ठेवतात. दीक्षा घेण्यापूर्वी बाप्तिस्मा झालेला असावा असा दंडक अनेक घराण्यांत चालत आला आहे. दरवर्षी जानेवारीच्या आरंभी हवानाचे बाबालावो वर्षाचा कौल काढतात आणि तो ऐकण्यास कॅथलिक म्हणविणारी कुटुंबेही उत्सुक असतात.

परंतु त्याच वंशातील काहींनी पुढे निराळा प्रश्न विचारला. चाबूक गेला, मग मुखवटा कशाला? ब्राझीलमधील साल्वादोर या शहरी १९८३ साली पाच वृद्ध व मान्यवर पुजारिणींनी जाहीर निवेदन काढले. आमचे देव हे संतांचे टोपणनाव नव्हेत, आमचा धर्म स्वतंत्र आहे, गुलामगिरीत घ्यावा लागलेला आडोसा आता नको, असा त्याचा मथितार्थ होता. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात १९७० साली काळ्या लोकांनी ओयोतुंजी नावाचे खेडे वसविले, तेथेही संतांच्या प्रतिमा वगळून योरुबा देवतांचीच उपासना ठेवली. सर्वांनी हे मानले असे नाही. साल्वादोरच्या कित्येक भक्तांना आजीची कॅथलिक माळही तितकीच प्रिय होती. पण प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारण्याचा अधिकार मुक्त झालेल्या माणसाने बजावला, हे महत्त्वाचे आहे.

या सर्व हकीकतीवरून आमचे मत काय? पहिली गोष्ट, माणसाच्या अंतःकरणाचा मालक तो स्वतः आहे. नायजेरियाच्या १९९९ च्या संविधानातील ३८ व्या कलमाने विचाराचे, सदसद्विवेकाचे व धर्माचे स्वातंत्र्य आणि धर्म बदलण्याचेही स्वातंत्र्य दिले आहे. आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमातही सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे. त्यात एकच धर्म पाळावा अशी अट नाही. एखादी स्त्री चर्चमध्ये प्रार्थना करून घरी ओरुन्मिलेपुढे दिवा लावत असेल, तर तिला अडविण्याचा अधिकार सरकारला नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. चर्चला एवढेच म्हणता येईल की, आमच्या पंथाचा नियम असा आहे, तो पाळावयाचा तर आमच्यात राहा. १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातील हायालिया शहराचे पशुबळीविरुद्धचे ठराव रद्द केले, ते याच तत्त्वावर. कारण ते ठराव क्युबाहून आलेल्या या एका पंथाला लक्ष्य करून रचलेले होते. पहिले शील पाळणाऱ्या आम्हांला प्राणिहत्या मुळीच मान्य नाही. परंतु खाटिकखाने चालू ठेवून केवळ दुर्बलांच्या पूजेवर बंदी घालणे हा न्याय नव्हे, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणू.

दुसरी गोष्ट, अधिकार मान्य करणे म्हणजे आचरणाची शिफारस करणे नव्हे. भविष्यकथन, शकुन, कौल यांवर उपजीविका करणे भगवान बुद्धांनी भिक्षूंना निषिद्ध ठरविले होते. माणसाचे दुःख कार्यकारणभावाने उत्पन्न होते व त्याच मार्गाने दूर होते, असे मानणारा मनुष्य सोळा बियांवर आपला निर्णय सोपवू शकत नाही. इफातील काव्यास आम्ही वंदन करू. तापलेल्या मुलीला मात्र प्रथम डॉक्टरकडे न्यावे, असेच सांगू. तसेच कोणताही देव्हारा जवळ करण्यापूर्वी त्यात स्त्रीचे स्थान काय हेही पाहिले पाहिजे. क्युबाच्या परंपरेत स्त्रीला बाबालावोची दीक्षा मिळत नाही; योरुबा भूमीत काही घराणी ती स्त्रियांना देतात, आणि त्यावरून दोहोंत मोठा वाद आहे. कॅथलिक चर्चही स्त्रीला धर्मगुरू करीत नाही. दोन देव्हारे मांडले म्हणून समता दुप्पट होते असे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. योरुबा गृहस्थाने जपलेली जुनी उपासना त्याची स्वतःची होती. तिने त्याला गावकुसाबाहेर बसविले नव्हते. तिची विद्या शिकण्यास त्याला मनाई नव्हती. तिला तुच्छ लेखणारे परके होते, आणि तिच्याकडे परत जाण्यात त्याला गेलेला स्वाभिमान सापडत होता. पण त्याच नायजेरियात योरुबांच्या पूर्वेस इग्बो लोक राहतात, त्यांच्यातील ओसू लोकांची कथा याच्या अगदी उलट आहे. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला मनुष्य. तो देवाचा दास, म्हणून इतरांनी त्याच्याशी सोयरीक करावयाची नाही. त्याचे घर वेगळे, त्याचे स्मशान वेगळे, आणि हा कलंक त्याच्या मुलाबाळांच्या कपाळी वंशपरंपरा. मिशनऱ्यांचे चर्च आले तेव्हा त्याच्या दाराशी प्रथम धावून जाणाऱ्यांत हे लोक होते. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या विख्यात कादंबरीत, ओसू चर्चमध्ये येताच इतर नवख्रिस्ती कुरकुर करू लागतात, आणि धर्मोपदेशक त्या ओसूंना देवाच्या दास्याची खूण असलेले केस कापून टाकावयास सांगतो, असा प्रसंग आहे. १९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने ओसू पद्धती कायद्याने रद्द केली. तरी लग्नाच्या बोलणीत ती आजही डोके वर काढते.

देवाला सोडलेल्या मुरळ्या, जोगतिणी आणि पोतराज ज्या समाजाने आपल्याच घरांतून जाताना पाहिले, त्याला ओसू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागू नये. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या व जोगतिणी यांना उद्देशून, हे लाजिरवाणे जिणे सोडा असे कळकळीने सांगितले होते. आता विचार करा : ओसूला कोणी म्हणाले, ‘बाबा, चर्चमध्ये जा, पण त्या जुन्या देवालाही विसरू नकोस, दोन्ही करण्यात काय बिघडले?’ तर तो काय उत्तर देईल? त्याच्या बाबतीत तो देव आणि ती बेडी एकच होती. देव ठेवून बेडी तोडता येत नव्हती. योरुबा गृहस्थाचे दोन देव्हारे आणि ओसूचे दोन देव्हारे बाहेरून सारखेच दिसतील. पण पहिल्याच्या घरी जुना देव हा हिरावून घेतलेला ठेवा आहे, दुसऱ्याच्या घरी तो मालकाचा पहारेकरी आहे.

म्हणून नवदीक्षितांना जेव्हा आफ्रिकेचा वा आणखी कोणाचा दाखला देण्यात येतो, तेव्हा त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा : त्या माणसाच्या जुन्या देवाने त्याला कोठे बसविले होते? आमच्या जुन्या देवांच्या व्यवस्थेत आम्हांला देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. आमच्या सावलीचा त्यांना विटाळ होत होता. जो देव आमच्या नैवेद्याला हात लावीत नव्हता, तोच आमच्या मुली मात्र स्वीकारीत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी जनसमुदायाकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत जुन्या देवदेवतांच्या त्यागाला आरंभीच स्थान दिले, त्याचे कारण हेच आहे. आमची जागा ओसूच्या शेजारी आहे. आमच्या कोनाड्यात दोन देव्हारे मावत नाहीत.

मात्र हा त्याग द्वेषाने करावयाचा नाही. नालंदेचा उपाली हा गृहस्थ निगंठांचा अनुयायी होता. तो भगवंतांशी वाद करण्यास आला आणि त्यांचाच उपासक होऊ पाहू लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला घाई न करता नीट विचार करावयास सांगितले, आणि ज्या निगंठांना तुझ्या घरी आजवर अन्न मिळत आले त्यांना ते देत राहा असेही बजावले. श्रद्धा बदलली म्हणून दाराशी आलेला मनुष्य परका होत नाही, हा त्याचा अर्थ. तुमची वृद्ध आई अजूनही जुन्या नावाने हात जोडत असेल, तर तिच्या हातून टाक हिसकावून घेऊन तिला सर्वांदेखत रडविणे हा धम्म नव्हे. लहान मुलाला, तुझी आजी अडाणी होती असे शिकविणे तर मुळीच नव्हे. एशूला सैतान ठरविणाऱ्यांची चूक आपण आपल्याच आजीच्या बाबतीत करू नये. तिला अडाणी ठेवणारे कोण होते, हे मुलाला सांगावे.

आणि आता ती मागे ठेवलेली गोष्ट. चर्चमध्ये जाणारा योरुबा रात्री बाबालावोचे दार ठोठावतो, कारण त्या घटकेला दुसरे दार उघडे नसते. आपल्या वस्तीतील एखादी माता आजारी लेकराला घेऊन पुन्हा देवऋष्याकडे गेली, तर तिच्या नावाने पंचायत भरविण्यापूर्वी प्रत्येक विहाराच्या मंडळाने स्वतःला विचारावे : त्या रात्री आम्ही कोठे होतो? तिला दवाखान्यात नेण्यासाठी कोणी उठले काय? औषधाला चार पैसे कोणी काढले काय? मूल दगावले तेव्हा तिच्यापाशी बसून अनित्यतेचा अर्थ कोणी सांगितला काय, की केवळ पौर्णिमेच्या भाषणात तो सांगितला? नुसत्या प्रतिज्ञा म्हणून घेऊन कोनाडा रिकामा करता येतो. तो रिकामा राहिला तर जुना देव पाय न वाजविता परत येतो. रिकाम्या जागी भिंतीवरची बुद्धप्रतिमा पुरेशी नाही. तेथे माणसे उभी राहिली पाहिजेत.

शिगाल नावाचा तरुण वडिलांच्या आज्ञेप्रमाणे रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही. आईबाप, गुरुजन, पत्नी, मित्र, सेवक व श्रमण या खऱ्या सहा दिशा आहेत, त्यांच्याशी नीट वागणे हाच त्यांना नमस्कार, असे त्यांनी त्याला सांगितले. योरुबा गृहस्थाचा मार्ग त्याचा त्याने निवडावा. आपण दूर बसून त्याला ढोंगी म्हणू नये व त्याचा दाखला घेऊन स्वतःला फसवू नये. आपल्या घरापुरते काम उघड आहे. आज रात्री शेजारच्या खोलीत कोणाचे लेकरू तापाने फणफणत असेल, तर पहिली दिशा ती.